पाण्यातल्या स्टुलाचे डाग

८ एप्रिल, बुध.
पोहण्याच्या टँकचं पाणी गुडघ्याएवढं ठेवून बाकी उपसलं. सुट्टीत टँक परत सुरू करायचा असं नाना (दीर) म्हणतात. १९ ला, रविवारी, नगरहून एका क्लासची मुलं येणार. मला विचारलं होतं, मी हो म्हणाले होते. तेव्हा पाणी हिरवं होतं, तळ दिसत नव्हता.
आज दिसला. उथळ बाजूला चार तांबूस डाग, पुरीएवढे. ह्यांच्या स्टुलाचे पाय.

९, गुरु.
नाना : "वहिनी, लोक म्हनतील पानी घान हाय. डाग घालवायला पायजेत." बरोबर आहे त्यांचं. तरी मी दिवसभर घुश्शात होते. कुणावर, ते कळलं नाही.
गुडघे गेल्यापासून हे छातीभर पाण्यात लोखंडी स्टूल टाकून बसायचे आणि तिथून गावातल्या पोरांना शिकवायचे. माघात गेले. सुतकात टँककडे कुणी फिरकलं नाही. तेराव्याला अंथरूण, छत्री, चपला, सगळं दान केलं. मीच भराभर काढून दिलं, डोळ्यांसमोर नको म्हणून. पाण्यातलं स्टूल कुणाच्या ध्यानातच आलं नाही. होळीनंतर नानांनी काढलं तेव्हा पायांची रबरं गळून पडलेली. भंगारात गेलं. म्हणजे आता ह्यांचं असं म्हणावं तर...

११, शनि.
नगरच्या टँकसामानाच्या दुकानात फोन. "आधी डाग ओळखा, ताई. पाल्यापाचोळ्याचा असेल तर क्लोरीननं जातो. लोखंडाचा असेल तर उलट पक्का होतो. व्हिटॅमिन सीची गोळी घासून बघा."
गोळ्या घरात होत्याच. ह्यांच्या. औषध म्हणून नाही, आंबट लागतात म्हणून चघळायचे. औषधाचा डबा काही कुणी दान करत नाही.
आधी पायरीजवळच्या निळसर डागावर घासली. ढिम्म हलला नाही. तो नानांचा पराक्रम. गेल्या वर्षी शेवाळ मारायला पेरूच्या फवारणीचं मोरचूद ओतलं होतं. हे केवढे चिडले. नाना म्हणे, "पेरूला चालतं, मग पान्याला काय झालं?" आठवून हसू आलं, एकटीलाच.
मग स्टुलाच्या एका डागाच्या कडेला जरा घासली. नखाएवढी जागा पांढरी झाली. लोखंडच. लगेच हात काढला.

१४, मंगळ.
मनूचा पुण्याहून फोन. "आई, फोटो काढून ठेव आणि पुसून टाक. बाबा काय त्या डागांत आहेत का?" पोरगी रडत होती, म्हणून उलट बोलले नाही. फोटो काढला. कुणाच्याही गच्चीवर असतात तसे डाग दिसतात त्यात.
तिला हे माहीत नाही की मी साठीनंतर पोहायला शिकत होते. लाज वाटायची, म्हणून पोरं यायच्या आधी, सकाळी. पायरीपासून स्टुलापर्यंत, एवढंच माझं पोहणं. हे हात पुढे करून, "ये, धरलंय मी." धरलेलं नसायचं. मला कळायचं. तरी पोचायचे.
डाग गेले तर कुठपर्यंत जायचं ते...

१७, शुक्र.
केलं. दुकानातून व्हिटॅमिन सीची पावडर मागवली होती, ती जुन्या पायमोज्यात भरून डागावर दाबून धरायची. नाना करतो म्हणाले. म्हटलं, नको, मीच.
तीन गेले. वेळही लागला नाही. चौथ्यावर पायमोजा न ठेवता नुसताच हात ठेवून बसले. नाना वरून बघत होते. मग तोही घालवला. आणि रडले. माघात रडले नव्हते एवढी, मोठ्यानं, गुडघाभर पाण्यात बसून. नाना बागेत निघून गेले. बरं झालं.

१८, शनि.
बोअरच्या पाण्यानं टँक भरला. दुकानदाराला फोन, पुढे काय. "क्लोरीन एकदम टाकू नका. लोखंड गेलेलं नाही, पाण्यातच आहे. ते विरघळलेलंच राहील असं औषध आधी घाला. नाहीतर डाग परत बसतील."
कुठे बसतील?
"कुठंही, ताई. सगळ्या टँकभर."
तिथेच का नाही बसणार, हे विचारणार होते. वेडी म्हणेल म्हणून ठेवला फोन.
गेलेलं नाही म्हणाला. दुपारभर तेच डोक्यात. पावडरबरोबर आलेली त्या औषधाची बाटली घेऊन काठावर बसले. शेवटी घातली. मग क्लोरीन, थोडा थोडा.

१९, रवि.
नाना फाटक उघडायला गेले तेवढ्यात मी पाण्यात उतरले. ह्यांच्यानंतर पहिल्यांदा. पाणी काचेसारखं, तळ सगळा सारखा पांढरा. पायरीवर बराच वेळ दांडी धरून उभी. मग सोडली. डोळे मिटून हात मारत राहिले, दम संपेपर्यंत. पाय टेकले, वळून पाहिलं.
पोचले, की पुढे गेले, की अलीकडेच राहिले, काही कळेना. खाली बघितलं, पुन्हा बघितलं.
नानांची हाक आली, "वहिनी, पोरं आली."