अखाजीचा पाट

१४ एप्रिल
आज परिवीक्षा अधिकारी मॅडम येऊन गेल्या. आमच्याच गल्लीतला अमृत — संक्रांतीनंतर चोरीच्या मोटारसायकलने ज्याने माझ्या पोराला, दीपकला उडवलं, जीव घेतला — अजून जळगावच्या निरीक्षणगृहात आहे. त्याला घरी सोडावं का, गल्लीत विचारत होत्या. मी म्हणालो, नंतर सांगतो. सांगायचं ठरलेलंच आहे — नको!

१८ एप्रिल
अमृतची आई सुगंधाबाई दारात उभी राहिली. आत आली नाही. "भाऊ, मी सकायले डाळमिलमा जास, अंधारं पडनं का येस. बाप सुरतले. पोऱ्या कोठे ऱ्हास, माले काय ठाव!"
 ती रडली नाही. गेली.

२१ एप्रिल
मॅडम पुन्हा आल्या. अमृत त्यांना म्हणाला म्हणे, "अंधार पडला की दीपकच्या आईची हाक यायची. तो जेवायला जायचा. मग मी मोटारसायकली चोरणाऱ्या त्या मोठ्या पोरांजवळ बसायचो."
कमलची ती हाक सगळी गल्ली ऐकायची. आता ती घरातही हळू बोलते.

२५ एप्रिल
अखाजी, अक्षय्य तृतीया, पाच दिवसांवर आली. दीपकची पहिली घागर. त्याच्या वयाचा पोरगा पितर म्हणून पाटावर जेवायला बसवायचा. जीवरामआबांच्या नातवाला विचारलं. "एकुलता एक शे रे, अभिमन. दुसरा पाहा." लताबाईंनी तर त्यांच्या पोराला यावलला मामाकडे धाडलं!
मेलेल्या पोराच्या नावाने बसायला गल्लीत कोणी पोरगा देत नाही. त्यांचंही बरोबर आहे.

२६ एप्रिल
भाकरी थापता थापता कमल म्हणाली, "त्यालेच बलावा ना."
कोणाला, हे विचारावं लागलं नाही. ताटावरून उठलो.

२८ एप्रिल
मॅडमना फोन केला. सोडा म्हणालो. भाऊबंद म्हणतात, अभिमनचं डोकं फिरलं. फिरलं असेल.

३० एप्रिल
अखाजी. घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. पाटावर अमृत बसला. पुरणपोळी, आमरस, कुरडई. त्याने मान वर केली नाही. कमल वाढत राहिली. पितराला नवा शर्ट द्यायचा असतो, तो दीपकच्या मापाने आणला होता. अमृतला खांद्यात ढगळ झाला.
 माफ केलं का? नाही.

२ मे
अंधार पडतोय. कमल ओट्यावर गेली आहे.
"अमृत! जेवाले चाल!" — पार गल्लीच्या टोकापर्यंत.