यांची शाल सुधाकरकडे

१२ जाने., रवि.
चर्चला गेले. थंडी. मागच्या बाकावर बसले. हे गेल्याला आज सात आठवडे. पाळकांचा विषय कृपादानं, देवाने ज्याला त्याला दिलेली. दान आपल्या मालकीचं नसतं, आपण नुसते कारभारी, असं काहीसं. बोलताना दोनदा सुधाकरकडे बघितलं. तो, माझा धाकटा दीर, पहिल्या बाकावर, अंगावर यांची तपकिरी शाल. पूर्वी तो दाराजवळ बसायचा, लवकर निघता यावं म्हणून.

१४, मंगळ.
डोक्यातून जात नाही. स्मरणसभेत पाळकांनीच ती शाल सुधाकरच्या खांद्यावर घातली. बायबलात एलीया संदेष्ट्याचा झगा त्याच्या शिष्याला, अलीशाला मिळाला, तसं आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायचं काम आता याच्याकडे, म्हणाले. "चालेल ना, बाई?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान हलवली. नको म्हणायला हवं होतं.
शालीत काही नव्हतं. आजाऱ्यांना भेटायला गेले की हॉस्पिटलच्या एसीत यांचे गुडघे धरायचे, म्हणून घेत.

१६, गुरु.
सकाळी शेजारच्या मावशी. "सुधाकरभैयानं शाल पांघरवली अन् दोन घंट्यात नातवाचा बुखार उतरला, हव!"
गोळी दिली होती का?
"दिली ना. पण गोळी तर रोजच देऊन राहिलो होतो."
सुधाकरच्या मोबाईल स्टेटसवर तोच फोटो. पोरगा झोपलेला, शाल, आणि स्वतः डोळे मिटून. डोळे मिटलेले तर फोटो कोणी काढला? आधी सांगून ठेवलं असणार. हे कोणाकडे जाऊन आले ते बाहेर कोणाला सांगत नसत.

१८, शनि.
सुधाकर आला. अंगात नुसता स्वेटर.
"शाल कुठे?"
"दिली, वहिनी."
"कोणाले?"
"सिलतऱ्याच्या कारखान्यात पाय भाजला ना एकाचा, महेश. कुडकुडत होता. टाकली अंगावर. मग वापस मागाले जीव नाही झाला."
"मले न विचारता?"
"दादानं विचारलं असतं काय?"
 चहा अर्धा ठेवून उठला. असा कधी ठेवत नाही.
तो गेल्यावर जावेला फोन केला, शाल धुवायला टाकली आहे का म्हणून. "मले काय माहीत, बाई. यायलेच विचारा." पटकन बोलली. फार पटकन. मला वाटतं शाल त्यांच्याच कपाटात आहे.

१९, रवि.
पाळकांना बाहेर गाठलं. शालीचं विचारलं.
"शालीचं काय घेऊन बसलात, बाई? तुमचं दान कुठं ठेवलंय ते सांगा."
माझं कसलं दान?
"वसंतराव उभे राहून प्रार्थना करायचे. काय मागायचं ते त्यांना कोण सांगायचं?"
 हे फक्त आम्हा दोघांत होतं. मी आजाऱ्याच्या बायकोजवळ, आईजवळ बसायची. त्या बोलायच्या, मी ऐकायची. बाहेर आल्यावर यांना सांगायची. पुढच्या खेपेला हे नेमकं तेच देवाजवळ मागायचे. लोक म्हणायचे, न सांगता कळतं यांना. हे गप्प. मीही गप्प. एवढी वर्षं.
म्हणजे यांनी पाळकांना सांगितलं होतं. कधी? मला का नाही बोलले?
की पाळक नुसता खडा टाकून बघत होते. चर्चच्या महिला मंडळाला सेक्रेटरी मिळत नाहीये, मला ओढायचं असेल, ते एक आहेच.

२०, सोम.
कोणाशी बोलले नाही. वाचन केलं, मन लागलं नाही.
मला सुधाकरचा राग येतो तो शालीसाठी का? तो चांगली प्रार्थना करतो असं कोणी म्हटलं की मला... नको.

२१, मंगळ.
दुपारी सिलतऱ्याहून फोन. महेशची बायको, मी ओळखत नाही.
"दीदी, आप आ जाइए ना. सुधाकरभैया आए थे, अच्छी प्रार्थना की. पर ये किसी से बोलते ही नहीं. मैं भी किससे बोलूँ. भैया बोले, भाभी के पास बैठोगी तो हल्का लगेगा."
म्हणजे सुधाकरलाही माहीत आहे. त्यानेच पाठवलंय हिला. का? मी ऐकून येऊन त्याला सांगावं, त्याने उभं राहून मागावं, लोकांनी वा वा म्हणावं, एवढ्यासाठी? की खरंच त्याला जमत नाहीये तिथे?
शाल तुमच्याकडे आहे का, एवढंच विचारायचं होतं. तोंडाशी आलं. पलीकडे ती रडत होती. उद्या येते म्हटलं.
आता वाटतं, मी कशाला जातेय? तिच्याजवळ बसायला, की खाटेवर कोणती शाल आहे ते बघायला? प्रार्थनेला बसले तर तिच्याऐवजी सुधाकरचंच नाव येत राहिलं, आणि तेही चांगल्या अर्थाने नाही. अर्ध्यात उठले.
सिलतऱ्याला जायचं तर सकाळी लवकर निघावं लागेल. सोबतच्या डब्याची भाजी आजच करून ठेवावी म्हणून भेंडी धुतली, एकेक पुसली, ताटात पसरून ठेवली. अजून चिरली नाही.