सब्जेक्टचं नाव

५ सप्टेंबर १९९४
पोचले एकदाची नांदेडला! मुखेडच्या एसटीने हाडं खिळखिळी केली, पण लातूरच्या क्लासमध्ये दोन वर्षं घोकंपट्टी केलेल्या पोरीला काय त्याचं. अब्बांनी दुकानातलं सेकंदकाट्याचं घड्याळ दिलंय. डॉक्टरला नाडी मोजायला लागतं म्हणे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या जलीलमियाँची अर्शी डॉक्टर होणार, याचा त्यांना फार तोरा आहे. खोलीत पुनम आहे, पहिल्या वर्षाला पुन्हा बसलेली. तिने मला खिडकीजवळची खाट दिली, स्वतःची उशीसुद्धा. अशी मोठी बहीण मला हवीच होती.

९ सप्टेंबर
शरीरक्रियाशास्त्राचं पहिलं प्रॅक्टिकल. दोघींची जोडी: एक सब्जेक्ट, दुसरी तिची नाडी मोजणार. पुनमने माझं डावं मनगट धरलं, उजव्या हाताने मी लिहीत होते. ठोके ७६. गंमत म्हणजे तिच्या जर्नलमध्ये ७६ आधीच लिहिलेले! इथे सगळेच सीनियरांच्या वह्यांवरून चारही प्रयोगांचे आकडे आधी उतरवून ठेवतात. आम्हीही क्लासमध्ये तयार उत्तरंच पाठ केली, मी कोणत्या तोंडाने हसू? आकडा जुळला, सरांची सही मिळाली.

१६ सप्टेंबर
तीनदा जिना चढून-उतरून नाडी मोजायची होती. सगळ्यांची वाढली, माझी ५४. जर्नलमध्येही ५४. सर म्हणाले, घड्याळ बिघडलंय. अब्बांचं घड्याळ, आणि बिघडेल? शेजारच्या खोलीतली मनतशा म्हणते, अशक्तपणा आहे. बिचारी रोज घरचं लोणचं आणून देते.

२३ सप्टेंबर
३८. पुन्हा जुळलं. उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. पुनमला विचारलं, तू आकडे उतरवलेस ती जुनी वही कुणाची? सिंधूची म्हणाली. गेल्या वर्षीची तिची जोडीदार, औशाकडची. गणपती बुडवायला गावी गेली आणि भूकंपात गेली. चौथा प्रयोग दाखव म्हटलं, तर पुनमने जर्नल उशीखाली सरकवलं.

२६ सप्टेंबर
पुनम मेसमध्ये असताना तिची ट्रंक उघडली. सिंधूची वही. अक्षर सिंधूचं. सब्जेक्टचं नाव— पुनम. ते खोडून वर, पुनमच्या अक्षरात, सिंधू. चौथा प्रयोग, ३० सप्टेंबर. ठोके: ०.
३० सप्टेंबर. गेल्या वर्षी त्याच पहाटे भूकंप झाला होता.
पुनमच्या जर्नलमध्येही तेच शून्य. नाव माझं. लिहिल्याची तारीख २ सप्टेंबर. मी आले ५ ला.

२७ सप्टेंबर
विचारलं. रडली. म्हणाली, शून्य पाहून भ्याले, म्हणून सिंधूचं नाव टाकलं. "खरं होईल असं वाटलं न्हाई गं. पण औंदा नव्या जर्नलात खोडलेलं माझं नाव परत उमटून राहिलं होतं." मग खोलीच्या यादीत नवं नाव दिसलं, ते लिहिलं. माझं तोंडही पाहिलं नव्हतं.
म्हणजे खाट, उशी, ते बहीणपण— सगळं नाव लिहून झाल्यावर! मला तिची किळस येते. माझीही येते, कारण त्याच उशीवर रडले.

२९ सप्टेंबर
माझं नाव खोडलं. दुपारपर्यंत परत उमटलं. पुनम म्हणते, जागा रिकामी ऱ्हात न्हाई, दुसऱ्या कुणाचं तरी लिही. जर्नल माझ्यापुढे टाकून गेली. मी मनतशाला तिचं पूर्ण नाव विचारलं. तिने सांगितलं— वडिलांच्या नावासकट, हसत. मी पेन—
नाही. नाही लिहिलं.

३० सप्टेंबर, सकाळ
प्रॅक्टिकल हॉल. घड्याळ नीट चालतंय, अब्बा. मीच बंद पडतेय. मनतशा माझ्यासाठी पाणी आणायला गेलीय.
ती जागा पुनमचीच होती. माझं नाव खोडून तिचं लिहिते, तिची तिला परत देते. आधी इथे लिहून ठेवते, म्हणजे मी काय केलं ते अब्बांना कळेल. आता जर्नल ओढते—
पुनम आली. नाडी बघते म्हणते. बोटं गार तिची. दर वेळी डावं मनगट धरते. आज उजवं ध