दाईची साक्ष

ॲन आर्बर, मिशिगन
२२ जानेवारी १९९५

ती. कुशलमामांना,
उपासनाचा सविनय जय भीम.

पत्र पाहून मामी म्हणतील, हिचा फोन मेला की काय! मेला नाही, पण आईचं म्हणणं तुम्हांला ठाऊकच आहे. फोनवरचं हवेत जातं, कागदावरचं पेटीत राहतं. तिच्या पेटीत सगळ्यांची पत्रं आहेत, फक्त सख्ख्या भावाचीच नाहीत. का, ते विचारलं की ती तांदूळ निवडायला बसते.

इथे थंडी अशी आहे की माझी सायकल दोन आठवडे बर्फात गाडलेली आहे. आम्ही घरातच बसतो. माझी रूममेट पद्मिनी, मदुराईकडची, तिने एक जुनी तमिळ कॅसेट आणली. चोक्कन नावाच्या बंडखोराचा पिक्चर. जमीनदाराची कोठारं फोडून तो गावाला धान्य वाटतो, पोलिसांना रानोमाळ पळवतो. सबटायटल्स नाहीत. म्हणून पद्मिनी माझ्या कानात इंग्लिशमध्ये सांगत होती आणि मी आमच्या चार मराठी पोरापोरींना रंगवून मराठीत. कोठार फुटलं तेव्हा गिरीशने शिट्टी मारली!

शेवटी मात्र तो मारला गेल्यावर एक म्हातारी दाई येते आणि साक्ष देते की चोक्कन हा ढोल वाजवणाऱ्यांचा पोर नव्हेच, तो जमीनदाराचाच टाकलेला मुलगा. मग सगळं गाव त्याच्या प्रेताच्या पाया पडतं. तिथे पद्मिनीने टीव्ही बंद केला. म्हणाली की ही दाई पिक्चरवाल्यांनी आणली, माझी आजी चोक्कनचं गाणं म्हणते, त्यात ती कुठेच नाही. चोक्कन आमच्या वस्तीतला होता आणि आमचाच म्हणून मेला. वर्षभरात तिने आपली वस्ती कोणती ते पहिल्यांदा सांगितलं. मामा, मी तिला मिठीच मारली.

आता गंमत. गिरीशने ही कीर्ती तुमच्या मराठी मंडळाच्या उल्हासकाकांपर्यंत पोचवली आणि त्यांनी आम्हां दोघींना १८ मार्चला पिक्चर सांगायला बोलावलंय. तुमच्याकडेच उतरेन. मामींना आणि आयुषला सांगा, वांग्याची भाजी मी करणार.

तुमची,
उपासना


ईडन प्रेरी, मिनेसोटा
३ फेब्रुवारी १९९५

चि. उपासनास,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तू येणार म्हणून आयुषने आपली खोली आवरायला घेतली आहे, म्हणजे पसारा पलंगाखाली ढकलला आहे. तुझी वांग्याची भाजी खाल्लेला माणूस अजून जिवंत आहे का, तेही कळव.

दोन गोष्टी लिहायच्या आहेत, राग मानू नकोस. आमचं मंडळ लहान, बावीस घरं. लोक मौजेसाठी येतात. पिक्चर जसा आहे तसा सांगावा, दाईसकट. पुढे आपलं भाष्य नको. आणि उल्हास ओळख करून देताना नाव विचारतील, तर नुसतं उपासना सांग. गजभिये म्हटलं की नागपूरकडच्या माणसाला पुढचं विचारावं लागत नाही. माझ्यासारखा वानखेडे काय, कोणीही असू शकतो. आम्ही कोण ते इथे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आयुषलासुद्धा नाही. दर वर्षी मंडळाचा गणपती आपल्याच घरी बसतो.

आणि पत्राच्या डोक्यावर जे लिहितेस त्याऐवजी नमस्कार लिहिलास तरी मला पोचतो. टपाल किचन टेबलवर पडलेलं असतं, माणसं येतजात असतात.

थंडी सांभाळ. लोभ आहेच, तो वाढव.

तुझा मामा,
कुशल


ॲन आर्बर
१२ फेब्रुवारी १९९५

ती. मामांना,
सविनय जय भीम. (या वेळी जाड पेनाने लिहिलंय. टेबलावर उताणं ठेवा.)

राग मानू नकोस म्हणालात. मानला आहे. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा रडले.

चोक्कन बिचारा मेल्यावर त्याची दाई आली. तुम्ही जिवंतपणी स्वतःच स्वतःची दाई झालात! लहानपणापासून मी काय ऐकत आले, सांगू? चौसष्ट साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात माझा एकोणीस वर्षांचा भाऊ अठरा दिवस जेलात होता, बाहेर आला तो घोषणा देतच आला, असं आई अजून शेजारणींना सांगते. आमच्या घरात दुसरा बंडखोर नव्हता. तुम्हीच होतात. बाबा तर साधे पोस्टातले सॉर्टर, त्यांचं सगळं बंड आईसमोर आणि तेही हळू आवाजात.

आता माझं ऐका. पिक्चर मी जसाच्या तसा सांगेन, दाईलाही तिचं बोलू देईन. त्यानंतर पद्मिनी आजीचं गाणं म्हणणार आहे. शंभर लोकांसमोर उभं राहायचं म्हणून तिला आत्ताच कापरं भरतं, तरी म्हणणार आहे. आणि नाव मी पूर्ण सांगणार. ते बाबांनी दिलंय, अर्धं करून वापरायला नाही.

तुम्हांला अडचण होत असेल तर तुमच्या घरी उतरत नाही. ओळखही दाखवणार नाही. पण येणार.

आयुषला गोड पापा.

उपासना धर्मराज गजभिये


ईडन प्रेरी
२४ फेब्रुवारी १९९५

चि. उपासनास,
अ. आ.

सव्विसाव्या वर्षी न्याय करणं सोपं असतं. मीही केला आहे.

चौऱ्याहत्तर साली शिकागोत आम्ही तिघे मराठी एका खोलीत राहत होतो. स्वयंपाकाची पाळी होती. माझ्या हातचं वरण दोघेही ओरपायचे. एक दिवस ताईचं पत्र आलं, ते टेबलावर पडलं, आणि डोक्यावरचे दोन शब्द त्यांनी वाचले. दुसऱ्या दिवसापासून माझी पाळी आली नाही. कुणी भांडलं नाही, वाईट बोललं नाही. तू अभ्यास कर, स्वयंपाक आम्ही बघतो, एवढंच म्हणाले. मला उपाशीही ठेवलं नाही. वाढून द्यायचे, बेटा, वाढून! अठरा दिवसांच्या जेलात मी रडलो नव्हतो, तिथे रडलो.

मग मी ताईला लिहिलं की वर ते लिहू नकोस. तिने पत्रच लिहिणं बंद केलं. तुझ्या प्रश्नाला ती तांदूळ का निवडते, ते आता समजलं असेल.

आयुष शाळेत या बावीस घरांतल्या मुलांबरोबर जातो. त्याची पाळी कुणी काढून घेऊ नये, एवढंच मला हवं आहे. तुला फ्लू झाल्याचं उल्हासना कळवायला मी प्रणिताला सांगितलं आहे. कार्यक्रम कॅन्सल समज.

कुशल

ता. क. पाकीट नेहमी मी बंद करते, म्हणून ही जागा मिळाली. फ्लूचा फोन मी केलेला नाही आणि करणार नाही. यांनी पोराची काळजी लिहिली, ती खरी आहे. पण बाबासाहेबांचा फोटो कपाटात कोटांमागे ठेवून मी एकोणीस वर्षं त्यावरची धूळ चोरून पुसते आहे, ते लिहिलं नाही. तू आणि पद्मिनी या. बसस्टेशनवर घ्यायला मी येते. आपल्याच घरी उतरायचं.
— प्रणितामामी


ईडन प्रेरी
२० मार्च १९९५

ती. मीराताईस,
कुशलचा सप्रेम जय भीम. धर्मराज भाऊजींनाही जय भीम.

अक्षर ओळखलंस ना? वीस वर्षांनी लिहितो आहे. पत्र फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड.

परवा चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये तुझ्या लेकीचा कार्यक्रम झाला. मी शेवटच्या रांगेत दाराजवळ बसलो होतो, वेळ आली तर सटकता यावं म्हणून. उल्हासनी माइकवर नाव विचारलं. पोरीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि उपासना धर्मराज गजभिये, नागपूर, असं ठणठणीत सांगितलं. दोन-तीन माना माझ्याकडे वळल्या. मी बुटाची नाडी बांधत बसलो. ताई, नाडी सुटलेली नव्हती.

पिक्चर तिने असा सांगितला की पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. कोठार फुटलं तेव्हा सगळा हॉल टाळ्या वाजवत होता, उल्हाससकट. दाई आली, तिचंही सगळं तिने नीट सांगितलं. मग कॅसेट थांबवली आणि म्हणाली की हे पिक्चरवाल्यांचं झालं, आता ज्यांचा माणूस आहे त्यांचं ऐका. पद्मिनी उभी राहिली. पहिल्या दोन ओळी आवाजच फुटेना. उपासना टेबलावर बोटांनी ताल धरून उभी होती. मग पोरगी गायली. शब्द कुणाला कळले नाहीत, पण हॉलमध्ये पेपर प्लेटचाही आवाज नव्हता.

गाणं संपल्यावर उल्हास उठले. माणूस वाईट नाही, मला गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. म्हणाले की मंडळात जातपात कशाला आणायची, पिक्चर तो पिक्चर. आणि माझ्याकडे हात करून म्हणाले की कुशलराव, पाहुणी तुमची, तुम्हीच हिला समजवा.

मी उठलो तो आभार मानून सगळ्यांना जेवायला पाठवावं म्हणूनच. देवाशप्पथ म्हणणार होतो, पण आपल्यात तेही चालत नाही. पुढे जाईपर्यंत मला शिकागोतलं ते वाढून दिलेलं ताट दिसत होतं. माइक हातात घेतला आणि सांगून टाकलं. ही माझी पाहुणी नाही, माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी आहे. आम्ही पूर्वीचे महार, आताचे बौद्ध. जातपात हिने आणली नाही, मीच ती वीस वर्षं खिशात लपवून तुमच्याकडे जेवायला येत होतो. आणि माझ्यासाठी मीच नेमलेल्या दाईला आज कामावरून काढलं. आवाज चौसष्ट सालचा निघाला. प्रणिता तर उठून उभीच राहिली.

नंतरचंही खरं लिहितो. चार घरं न जेवता गेली. उल्हास प्लेट घेऊन खिडकीशी एकटेच उभे राहिले. गणपती यंदा दुसरीकडे बसवू असा एक फोन कालच आला. मंडळातल्या शरयूकाकू मात्र, ज्यांना मी सगळ्यांत जास्त भीत होतो, त्या आल्या आणि प्रणिताच्या हातून भाजी वाढून घेतली, दोनदा.

गाडीत आयुषने इंग्लिशमध्ये विचारलं की म्हणजे आपण चोक्कनच्या बाजूचे का. प्रणिता हो म्हणाली. मग म्हणाला, हे मला आधी का नाही सांगितलं? मग मी त्याला जेलातले अठरा दिवस सांगितले. घर आलं तरी तो उतरेना.

बाबासाहेबांचा फोटो आता घरातल्या हॉलमध्ये लागला आहे. खिळा आयुषने ठोकला, वाकडा.

चौदा एप्रिलला आपल्याकडे जेवण ठेवलं आहे. बावीसच्या बावीस घरांना हाताने पत्रं लिहिली, उल्हासनाही, गणपतीच्या फोनवाल्यालाही, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर तेच दोन शब्द घातले. येतील ते जेवतील. वरण मी करणार आहे. चाळीस माणसांचं करणार आहे, चारच आली तरी.

ताई, तुझा लोभ मागायचा हक्क मी तेव्हाच घालवला. तरी मागतो. दोन ओळी लिही. वर काय लिहायचं ते तुला माहीत आहे. आलेलं पत्र मी टेबलावर उताणंच ठेवीन.

तुझा धाकटा भाऊ,
कुशल