वऱ्हाडातला पिवळा झेंडा

पांढरकवडा, २८ एप्रिल १९६०

ती. आईस कुमुदचा नमस्कार.

महिनाभर पत्र नाही, रागावू नकोस. तब्येत ठीक आहे. डोकं तेवढं तापलंय.

शाळेच्या प्रदर्शनात वऱ्हाडाचे जुने झेंडे मांडलेत. मी सांगितलं म्हणून मुख्तार मास्तरांनी निजामाचाही रंगवला. इंग्रजांच्या झेंड्याशेजारी तो इथे लागायचा, आठवतं? पिवळ्यावरचा पांढरा गोल म्हणजे फकिराने पहिल्या निजामाला दिलेला कुलचा, असं म्हणतात.

शाळा समितीचे पुंडलिकराव मास्तरांवरच ओरडले, "पाकिस्तानचा झेंडा शाळेत कायले लावून राह्यले?"

"रोटी आहे जी ते," मास्तर म्हणाले.

आता त्यांच्या नोकरीवर आलंय. आणि मी, इतिहासाची बाई, योग्य शब्द शोधत गप्प उभी राहिले!

तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस ना?

तुझी कुमुद

उद्या: पुंडलिकरावांना सांगणे, झेंडा मी रंगवायला लावला.