वाट बघायचा खडक

आई, दुरूनच पाया पडतो.

मी मजेत आहे. काम सोपं, नुसतं तोंड चालवायचं. पाहुण्यांना हे समुद्राकाठचं गाव दाखवतो. दीपगृह, जुना धक्का, मग तो खडक. वादळात सापडलेल्या होड्यांची वाट बघत बायका तिथे उभ्या राहायच्या. आता तिथे कठडा आहे, पाटी आहे. डोळ्यांवर हात धरून त्या कशा बघायच्या, ते मी करून दाखवतो. लोक फोटो काढतात, "अगदी हुबेहूब!" म्हणतात. असणारच. लहानपणापासून दुसरं बघितलंय काय?

गुडघे कसे आहेत? धाकटीकडून तेल चोळून घे.

आणि रोज किनाऱ्यावर जाणं आता बंद कर. बाबांची होडी यायची असती तर आली असती. उद्या कुणीतरी तुझ्याशेजारीही पाटी लावेल.

तुझा थोरला