सर मोजतात

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! पाठीवर सॅक, दोन्ही हातांत बॅगा, आणि गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत एकदाही खाली टेकवल्या नाहीत. रिक्षावाला म्हणत होता, ताई, आत नेऊन देतो. मी हसूनच नको म्हटलं. इतका माज बरा नव्हे, असं आई म्हणाली असती. पण हा माज मी घाम गाळून कमावलाय.

गल्ली पत्रे कापणाऱ्या वर्कशॉपांची. दिवसभर असा करकराट की शेजारच्याशी बोलायचं तरी कानाशी तोंड न्यावं लागतं. सरांचं घर म्हणजे पूर्वीचं गोडाऊन. खाली सगळी जिम, वर दोन खोल्या, मधे लोखंडी जिना. मागचं दार वजनांच्या रॅकमागे कायमचं गेलंय, त्यामुळे ये-जा समोरच्या शटरमधूनच. ते शटर काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, आतून हलवेचना. मी बाहेरून एका हाताने वर सारलं. काकू बघतच राहिल्या. काटकुळ्या, पन्नाशीच्या असतील, पण सत्तरीच्या दिसतात.

सरांची खाट खालीच आहे, जिथे वजन उचलायचं त्या लाकडी फळ्यांच्या अगदी समोर. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली त्याला बरीच वर्षं झाली. बोलणंही जड झालंय. पण नजर! सोनाराने दागिना हातात न घेताच तोलावा, तसं त्यांनी मला पाहिलं. आमच्या जिमचे जुने ट्रेनर म्हणायचे, त्यांच्या हाताखालून गेलेल्या पोरांनी देश गाजवला. आजारपणानंतर त्यांनी कोणाला शिकवलं नव्हतं. आता एकच मुलगी घेणार, राहायलाही घरीच ठेवणार, असा निरोप आला आणि मी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली. उन्हाळ्यात वेटलिफ्टिंगची निवड चाचणी आहे. या वेळी नाही तर कधीच नाही.

६ मार्च, बुधवार

आज जरा मनातलं लिहिते.

मी नोकरी करत होते त्या जिममध्ये वजनांपेक्षा आरसे जास्त. निम्मी जनता फोटोपुरती घामाघूम. ज्याच्या पायाच्या काड्या, तोच येऊन मला सांगणार, ताई, स्क्वॉटमध्ये कंबर जरा सांभाळा हं. प्रोटीनचे डबे जास्त विकेल तो ट्रेनर मोठा. आणि ते कण्हणं! पाच किलोचं डंबेल उचलताना माणूस असा ओरडतो की बाहेरच्याला वाटावं, आत बाळंतपण चाललंय.

पण मी तरी कुठे धुतल्या तांदळासारखी? रस्त्याने जाताना प्रत्येक दुकानाच्या काचेत मी स्वतःचे खांदे बघते. नवीन माणूस भेटला की आधी त्याचे दंड दिसतात, चेहरा मागाहून. भावाच्या लग्नातल्या फोटोत सगळे हसतायत आणि मी पोट आत ओढून उभी. एक दिवस व्यायाम बुडला तर घरात कुणाशी धड बोलत नाही. खरं सांगायचं तर आयुष्यात माझं ऐकणारी वस्तू एकच, ती म्हणजे रॉड. बाकी कोणी ऐकलं नाही.

इथे मात्र आरसा नाही, गाणी नाहीत. सरांचा नियमही एकच. मी मोजायचं नाही, मनातसुद्धा नाही. मोजलं की लक्ष पुढच्या आकड्यावर जातं म्हणे. तू उचल, मोजणं माझं काम. आणि काय सांगू, आज मी आजवरचं सगळ्यात जड वजन उचललं! सर बाकी अडखळत बोलतात, पण आकडे अगदी स्पष्ट येतात. शेवटी म्हणाले, “पोरी, तुझ्यात खूप आहे.”

इतकं कौतुक माझं कोणी केलेलं आठवत नाही. रडायलाच आलं.

११ मार्च, सोमवार

बुधवारी जे वजन उचललं ते आज गुडघ्याच्या वर येईना. होतं असं कधी कधी.

पण आनंदाची गोष्ट वेगळीच. माझा शेवटचा सेट चालू असताना सरांच्या उजव्या हाताची बोटं हलली! चादर मुठीत धरली त्यांनी. मी रॉड टाकून काकूंना हाका मारल्या. त्या धावत खाली आल्या, सरांच्या हाताकडे पाहिलंसं केलं, आणि मग बराच वेळ माझ्या दंडांकडे बघत राहिल्या. तशाच वर गेल्या. आनंदाने माणूस बधिर होतो, तसं झालं असावं.

सर म्हणाले, तू आलीस आणि घरात जीव आला.

१६ मार्च, शनिवार

काहीतरी बिनसलंय. कंबरेच्या पट्ट्याला आज खिळ्याने नवं भोक पाडलं. अंडी, दूध, चिकन, सगळं वेळच्या वेळी खाते, काकू हात आखडता घेत नाहीत. तरी अंग चिपाडासारखं झालंय. सुरुवातीला ज्या वजनांनी अंग नुसतं गरम करायचे, ती आता शेवटची म्हणून उचलते.

काकूंना बरण्यांची झाकणं उघडत नाहीत, ते काम पहिल्या दिवसापासून माझं. आज झाकण माझ्यानेही हललं नाही. मी हसले, म्हटलं, आपली जोडी जमली. काकू हसल्या नाहीत. त्यांनी बरणी हळूच माझ्या हातातून काढून घेतली.

सर आता उशीला टेकून बसतात. बोलणंही सुधारलंय. म्हणतात, शरीर कधी थकत नाही, थकतं ते मन. हेच वाक्य मी किती जणांच्या अंगावर फेकलंय! कोणी म्हणालं, मॅडम, होत नाही, की मी म्हणायचे, होत नाही की करायचं नाही? तेव्हा आता तक्रार कोणत्या तोंडाने करू? मीच कमी पडत असणार. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा करायचं.

आईचा फोन आला होता. आवाज बारीक का येतोय विचारत होती. वर्कशॉपांचा आवाज आहे म्हटलं.

२१ मार्च, गुरुवार

सर आज उभे राहिले. कुणाचा आधार न घेता. माझा सेट संपला आणि ते खाटेवरून उठले, चालत आले, मी जमिनीवर ठेवलेला रॉड त्यांनी पायाने सरकवला. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला तर मी खाली बसले. बसले म्हणजे, पाय दुमडलेच.

दुपारी काकूंनी वर कपडे वाळत घालायला बोलावलं. ओली चादर दोघींना मिळून पिळता येईना. भिंतीवर सरांच्या विद्यार्थ्यांचे फोटो आहेत, त्यात एक मुलगी आहे, रुंद खांद्यांची, डोक्यावर रॉड, हसतेय. मी सहज विचारलं, ही कोण? हल्ली काय करते?

काकू म्हणाल्या, “चादर पिळते.”

मग खाली बसल्या आणि सगळं सांगितलं. लग्नानंतर सर रोज त्यांचं मोजायचे. जो मनापासून मोजतो त्याच्या अंगात ते उतरतं. नुसता आकडा म्हणून चालत नाही, समोरच्याचं आपल्याला हवं असावं लागतं. सर हे त्यांच्या गुरूकडून शिकले. पण घेतलेलं टिकत नाही, गळक्या माठासारखं पाझरून जातं, मग पुन्हा कोणीतरी लागतं. पोरं येत होती तोवर सर ठणठणीत होते. बोभाटा झाला, पोरं यायची थांबली, काकूंचं संपत आलं, तेव्हा सर अंथरुणाला खिळले.

मी म्हटलं, मग मला पहिल्या दिवशीच का नाही सांगितलंत?

काकूंनी मान खाली घातली. म्हणाल्या, तू शटर उचललंस तेव्हा मला वाटलं, चला, आता माझी सुटका झाली.

मला राग यायला हवा होता. रागावायलाही अंगात काही लागतं.

२२ मार्च, शुक्रवार

सर जेवून झोपले तेव्हा मी निघाले. बॅगा उचलल्या नाहीत, तशाच सोडल्या. नुसती पर्स घेतली.

शटर हललं नाही.

वाकून, बसून, खांदा लावून, पाय भिंतीला रोवून, सगळं केलं. बाहेर पत्रे कापत होते. मी ओरडले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. शटरच्या फटीतून माणसांचे बूट जाताना दिसत होते, हातभर अंतरावरून. बोटं बाहेर काढून हलवली. एक जण थांबला, त्याने बुटाची नाडी बांधली आणि गेला.

पुन्हा जोर लावला. पुन्हा. मागे वळले तर सर खाटेवर उठून बसलेले. डोळे उघडे. किती वेळ बसले होते, देव जाणे. मी शटरला किती झटके दिले ते त्यांनी शांतपणे सांगितलं.

“सहा.”

तिथेच कोसळले.

२५ मार्च, सोमवार

आता वजन उचलावं लागत नाही. मी काहीही उचललं तरी सर मोजतात. पाण्याचा पेला. जिन्याची पायरी. तोंडात घातलेला घास. खुर्चीतून उठले की, एक. केस विंचरायला हात वर नेला की, दोन.

काल उपाशी राहिले. आज काकूंनी भरवलं. तर त्यांनी काकूंचा हात मोजला.

फोन सरांकडे आहे. आईशी बोलताना ऐकलं. खणखणीत आवाज, एक शब्द अडखळत नाही. तयारी जोरात आहे, निवड चाचणीपर्यंत फोनवर बोलायला देत नाही, लक्ष उडतं. पलीकडून आई किती वेळ आभार मानत होती.

मी ओरडले. ते हसून आईला म्हणाले, ऐका, कशी मेहनत करतेय!

२७ मार्च

त्यांनी मला उचलून खाटेवर ठेवलं. त्यांच्याच खाटेवर. उशीला त्यांच्या तेलाचा वास —

हलायचं नाही. हललं की मोजतात. श्वाससुद्धा छाती उचलतो, त्याकडे बघत बसतात. तोंड भिंतीकडे करून श्वास घेते.

ते आता स्वतः व्यायाम करतात. माझी वजनं, माझा पट्टा. त्या वेळी खाटेभोवती चादर बांधतात आणि काकूंना वर पाठवतात. मला दिसू नये म्हणून. मला आधी कळलं नव्हतं, का ते. मीही मोजू शकते.

पेन जड —

२८ मार्च

सकाळी पळायला जातात. नवे बूट आणलेत. शटरला कुलूप लावत नाहीत. गरजच काय.

आई, मी इथे —

२९ मार्च

ते गेलेत. काकू खाली आल्या. हातात पाण्याचा जग. म्हणाल्या, माझ्यात थोडं उरलंय, मी हा जग उचलत राहते, तू मोज आणि घे. शटरपुरतं घे आणि सूट. ते यायच्या आत.

नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही. म्हणाल्या, तुझ्यापासून लपवलं, त्याचं एवढं तरी फेडू दे. पुरे झालं की सांग, मी थांबेन.

माझा आवाज निघत नाही. म्हणून इथेच लिहून मोजते.

एक. काही नाही.

दोन. हवं असावं लागतं, त्या म्हणाल्या. मनापासून. मी त्यांच्या हाताकडे बघतेय. मनगटाशी एक शीर अजून उडतेय. हवं आहे मला. हवं आहे.

तीन. आलं! बोटांत ऊब आली. पेन धरता येतंय.

चार. बसता आलं. आपल्या आपण. उशीला न टेकता.

पाच. काकू गुडघ्यांवर आल्यात. पाणी सांडलंय. मी मान हलवून विचारलं, थांबूया? त्या म्हणाल्या, तुझे पाय बघ आधी. पाय जमिनीवर टेकवले. थरथरत नाहीत.

सहा. उभी आहे मी. वही हातात धरून उभी आहे. पाठीत, मांड्यांत ते जुनं भरल्यासारखं वाटतंय. पहिल्या दिवशी इथे आले होते तसं. किती गोड असतं हे, मी विसरले होते.

सात. शटर आता उचलेन. एका झटक्यात उचलेन, माहीत आहे मला. खालून उजेड येतोय. अजून त्यांच्या बुटांचा आवाज नाही. जायला हवं.

काकू खाली पडल्यात, पण जग सोडला नाही. माझ्याकडे बघून विचारतायत, “झालं ना ग पुरे?”

झालंय. पुरे झालंय. सांगायला हवं, आता आवाजही आलाय —

आठ.

फक्त थोडं, खांद्यांपुरतं — काकू, अजून एक. उचला ना, शेवटचं, अजून ए—